मास्तरांच्या पायाखालचा ब्रेक

मी ब्रेक आहे, पण दुसरा. पहिला ब्रेक गाडी चालवणाऱ्याच्या पायाखाली असतो, तो सगळ्यांना माहीत आहे. मी डाव्या बाजूला, शिकवणाऱ्याच्या पायाशी. जुन्नरच्या एका ड्रायव्हिंग क्लासच्या पांढऱ्या मारुतीत मी सात वर्षं काढली. त्या सात वर्षांत मी जेवढ्या लाथा खाल्ल्या तेवढ्या कुणी खाल्ल्या नसतील, आणि त्यातल्या बहुतेक फुकटच्या. आज बोलायला मिळतंय तर पोटात काही ठेवणार नाही.

माझा जन्म १९९६ सालचा, एसटी स्टँडच्या मागे गेणू फिटरच्या गॅरेजातला. एक लोखंडी पट्टी, तिच्यावर रबराचा तुकडा, खाली बिजागरी, आणि तिथून पहिल्या ब्रेकपर्यंत गेलेली जाड वायर. मला दाबलं की वायर ताणली जायची आणि तिकडचा ब्रेक आपोआप खाली बसायचा. शिकणाऱ्याचं काही चुकलंच, तर शिकवणाऱ्याने गाडी थांबवावी म्हणून ही सोय.

वेल्डिंग संपवून गेणू मला म्हणाला होता, "लेका, तुझं काम लई थोडं. वर्साकाठी चार येळा. पन त्या चार येळंला चुकायचं नाय." मी खूश झालो. वर्षातून चार जीव वाचवायचे आणि बाकी दिवस आरामात रस्ता बघायचा, याहून चांगली नोकरी कुठली? मग सोमाजी मास्तर येऊन डाव्या सीटवर बसले आणि माझा आराम संपला.

मास्तर मूळचे एसटीचे ड्रायव्हर. पंचवीस वर्षं गाडी चालवली, कोंबडीचं पीससुद्धा चाकाखाली आलं नाही. त्याचा बिल्ला त्यांना मिळाला होता आणि निवृत्तीनंतरही तो शर्टावर असायचा. माणूस लाखात एक. पण पंचवीस वर्षं ज्याच्या हातात स्टेअरिंग होतं त्याला अचानक डावीकडे बसवलं, तर हात मांडीवर ठेवता येतात, पाय कुठे ठेवणार? त्यांनी तो माझ्यावर ठेवला.

पहिल्याच दिवशी बैलगाडी लांब वळणावर दिसली. दाबला. चिंचेची सावली रस्त्यावर पडली होती. दाबला. बांधावर एक म्हैस पाठ करून उभी होती, तिला रस्त्यात यायचं नव्हतं, तिच्या मालकालाही यायचं नव्हतं. दाबला! उन्हात डांबर चकाकलं, तर मास्तरांना वाटलं पाणी आहे. एकदा तर वाऱ्याने उडालेल्या प्लास्टिकच्या पिशवीसाठी गाडी अशी थांबवली की मागच्या सीटवरच्या पोराच्या हातातला वडापावचा पाव पुढच्या काचेला जाऊन चिकटला.

वर दर वेळी म्हणायचे, "वाचलो राव!" कशापासून वाचलो, ते मला सात वर्षांत कळलं नाही.

याचा परिणाम काय झाला ऐका. शिकणाऱ्यांनी ब्रेक लावणंच सोडून दिलं. कशाला लावतील? मास्तरांचा पाय होताच की. महाळुंगे पडवळचा भरत नावाचा एक गडी होता, हात चांगला, गिअर लोण्यासारखा टाकायचा. लायसन्स मिळालं आणि घरच्या जीपमध्ये पहिल्यांदा बसला तो सरळ गोठ्याच्या भिंतीत गेला. माणसं धावत आली. भरत आत बसलेला, कपाळाला टेंगूळ. म्हणाला, "मला वाटलं, थांबंल आपसूक." हे क्लासमध्ये कळलं तेव्हा सगळे हसले. मी हसलो नाही. ज्याला थांबायला शिकवायचं त्याच्याऐवजी मीच थांबत होतो, यात हसण्यासारखं काय होतं?

अशात २००३ साली रत्ना सिस्टर आल्या.

त्या एका संस्थेच्या दवाखान्यात नर्स होत्या, डिंगोऱ्याला. डोंगरावरच्या वाड्यांत जाऊन बाळंतिणींना तपासायचं, अडलेल्या बाईला खाली आणायचं, हे त्यांचं काम. संस्थेची जीप होती, पण ड्रायव्हर चाकणला कंपनीत लागला आणि जीप दवाखान्याच्या दारात उभी राहिली. मागच्या पावसाळ्यात चिमाबाई नावाच्या बाईला लोकांनी घोंगडीची झोळी करून खाली आणलं. ती वाचली, बाळ वाटेतच गेलं. रत्ना सिस्टर झोळीच्या बरोबरीने चालत होत्या. जीप तेव्हाही दारातच उभी होती.

त्यातच संस्थेचं पत्र आलं: मेअखेर चालवणारं कुणी मिळालं नाही, तर जीप पुण्याला परत मागवू. सिस्टरांनी उत्तर धाडलं की मीच शिकते. आणि रोज पाऊण तास एसटीने जुन्नरला येऊ लागल्या.

हात धीट होता त्यांचा, नजर लांबवर. पंधरा दिवसांत गाडी त्यांचं ऐकू लागली. पण मास्तरांचा पाय कुणाचं ऐकणार?

एके दिवशी ओतूरच्या रस्त्याला तिकटीवर कुणीतरी उतारा टाकला होता. लिंबू, कुंकू, भाताचा गोळा. मास्तरांनी मला असं दाबलं की माझी बिजागरी कळवळली. रस्ता दोन्हीकडून मोकळा, आणि मध्ये आम्ही एका लिंबासमोर उभे.

सिस्टर म्हणाल्या, "मास्तर, आमी बुद्धाची माणसं. आमच्यात हे मानत न्हाईत."

"तुमी नसाल मानत सिस्टर, पन गाडी मानती," मास्तर म्हणाले.

मी गाडीचाच एक भाग. मला विचारलं असतं, तर मी सांगितलं असतं की आम्ही असलं काही मानत नाही. पण मला कोण विचारतो? मास्तरांनी लिंबाला वळसा घालायला लावला आणि पुढे जाऊन छातीला हात लावला.

आरटीओचा कॅम्प जुन्नरला महिन्यातून एकदा भरायचा. मार्चच्या कॅम्पात साहेब मागच्या सीटवर बसले, सिस्टरांनी गाडी सुरेख काढली. दोनशे पावलांवर एक कोंबडी रस्त्याकडेला दाणे टिपत होती, आणि मास्तरांनी मला दाबलं. साहेबांनी कागदावर लिहिलं, गाडी शिकवणाऱ्याने थांबवली. नापास. एप्रिलच्या कॅम्पात पुन्हा उतारा, पुन्हा लिंबू, पुन्हा लाथ. नापास.

एका लिंबासाठी, हो! डोंगरावरच्या सात वाड्यांची जीप एका लिंबासाठी परत जाणार होती. मला एवढा संताप आला की वेल्डिंग वितळेल असं वाटलं.

त्या दिवशी गाडीतून उतरल्यावर सिस्टर रडल्या नाहीत. दार धरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मास्तर, तुमचा बिल्ला मोठा हाये. पन वाडीत मी एकटीच असनार. तिथं तुमचा पाय कुठून आणू?"

मास्तर खाली बघत राहिले. "मला बी कळतं वो," ते म्हणाले. "पन पाय ऐकत न्हाई." खोटं नव्हतं ते. त्यांचा पाय मी सगळ्यांपेक्षा जवळून ओळखत होतो. त्यात रुबाब नव्हता, नुसती भीती होती. स्वतःच्या हातात काही उरलं नाही की माणूस फार घाबरतो.

मेचा कॅम्प शेवटचा. त्या सकाळी सिस्टरांनी गाडीत बसायच्या आधी सांगितलं, "मास्तर, आज चपला काढा आणि मांडी घालून बसा."

"गाडीत मांडी?"

"पंगतीला बसतात तशी."

आणि बसले हो मास्तर! सीटवर मांडी ठोकून, हात गुडघ्यांवर, कीर्तनाला बसल्यासारखे. सात वर्षांत पहिल्यांदा माझ्या अंगावर ऊन पडलं. मागे साहेब बसले होते, त्यांनी चष्म्यावरून एकदा बघितलं आणि कागद मांडीवर घेतला.

गाडी निघाली. स्टँड, पेठ, शाळेचं मैदान, सगळं नीट पार पडलं. मास्तरांचा अंगठा मांडीखाली वळवळत होता, पण मांडी सुटली नाही. आता मैलभर रस्ता राहिला होता.

तेवढ्यात डावीकडच्या बोळातून एक कालवड उधळली. गळ्यात दोरी, दोरीच्या टोकाला बायडाबाई नावाची म्हातारी, आणि दोघी फरफटत थेट रस्त्याच्या मधोमध. हे लिंबू नव्हतं, हे खरं होतं. गेणूने सांगितलेल्या चार वेळांपैकी एक वेळ शेवटी आली होती.

मांडी कधी सुटली ते मास्तरांनाही कळलं नाही. अनवाणी पाय असा आदळला की मी जमिनीला टेकलो. आणि टण्! माझी वायर तुटली. फुकट ताणून ताणून ती आधीच झिजली होती, एकेक तार महिनाभर सुटत होती. ज्या वेळेसाठी मला जन्माला घातलं होतं, त्या वेळेला मी नुसता लुळा होऊन पडलो. लाज वाटली मला, आजही वाटते.

पण गाडी थांबली. बायडाबाईच्या लुगड्यापासून हातभर अंतरावर, इंजिन चालू, हिसका नाही. बायडाबाईने आम्हाला एक कचकचीत शिवी दिली आणि कालवडीला घेऊन गेली.

मागून साहेबांचा आवाज आला. "मास्तर, पाय दाबलात तुम्ही. मी पाहिलं." पेन उघडल्याचा आवाजही आला.

मास्तर वाकले. त्यांनी मला हाताने दाबून पाहिलं, पुन्हा दाबलं, वर केलं, सोडलं. मी लोंबकळत राहिलो.

"सायेब, दाबला. खोटं नाय बोलनार," मास्तर म्हणाले. "पन हितं काय लागतच न्हाई. बघा तुमीच. गाडी बाईंनीच थांबवली."

साहेब खाली उतरले, दार उघडून रस्त्यावर उकिडवे बसले आणि मला हलवून पाहिलं. तुटलेलं टोक बोटाने चाचपलं. मग उठून पँट झटकली.

"बाई, पुन्हा एक फेरी मारा. याच पेठेतून."

मास्तरांचा चेहरा उतरला. "सायेब, ह्यो ब्रेक तुटलाय. तसंच जायचं?"

"पहिला ब्रेक आहे ना शाबूत? उद्या यांच्या जीपमध्ये दुसरा असणार आहे का?"

ती फेरी मी जन्मात विसरणार नाही. भाजीवाले, सायकली, एसटी, शेळ्या, सगळं गाव जणू आमच्याच वाटेत आलं होतं. मास्तर घामाघूम. मला दाबत होते, मी खाली जात होतो, आणि काही होत नव्हतं. एकोणीस वेळा खाली गेलो. गाडी दोनदाच थांबली, आणि दोन्ही वेळा थांबायलाच हवी होती. बाकी सतरा वेळा सिस्टरांनी जराशी गती कमी केली, जरासं वळवलं, हॉर्न दिला आणि पुढे गेल्या. सातवी-आठवी लाथ झाल्यावर मास्तरांनी माझ्याकडे बघायचं सोडलं आणि सिस्टरांच्या पायाकडे बघू लागले. बहुतेक पहिल्यांदाच.

साहेबांनी काचेवर कागद टेकवून सही केली. पास. सिस्टरांनी तो कागद दोनदा वाचला, पर्समध्ये ठेवला, आणि मग पदर तोंडाला लावून रडल्या. मास्तर पलीकडच्या टपरीवर जाऊन उगाच चुना मळत उभे राहिले.

त्याच संध्याकाळी गेणूने मला कापून काढलं आणि माझ्या जागी नवा बसवला. क्लासच्या गाडीला दुसरा ब्रेक लागतोच, कायदा आहे. तेव्हापासून मी गेणूच्या गॅरेजात आहे. वाऱ्याने दार आपटू नये म्हणून त्याच्याखाली मला सरकवून ठेवतात. रबर गळून पडलं, गंज चढलाय. लोक येता-जाता ठेच लागली की शिव्या घालतात. चालायचंच.

माझं म्हणणं थोडकंच आहे. जवळ बसलेल्या माणसाची काळजी जरूर करा, पण त्याचा पाय त्याला वापरू द्या. सारखे दुसऱ्याचे ब्रेक दाबणारे घराघरांत असतात, चुलीपुढेही आणि शाळेतही; गॅरेजात येणाऱ्यांच्या गप्पांतून ऐकतो मी. मग ज्याला शिकायचं तो शिकत नाही, आणि दाबणारा आयुष्यभर घामाघूम राहतो.

मागच्या श्रावणात मास्तर गॅरेजात आले होते. बिल्ला होता, पण अंगाने उतरले होते. गेणूने विचारलं तेव्हा सांगू लागले की डोंगरावर पाहुण्यांकडे गेले असताना ताप भरला, आणि रत्ना सिस्टरांनीच त्यांना जीपमधून खाली आणलं. पाऊस, धुकं, घाटाची वळणं, एका बाजूला दरी.

गेणू हसत म्हणाला, "मंग काय मास्तर, पाय दाबून दाबून जीपचा पत्रा फाडला असंल!"

मास्तर जरा लाजले. "न्हाई रं," ते म्हणाले. "पहिल्या वळनाला दाबला. दुसऱ्याला बी दाबला. मंग डोळा लागला. जुन्नर आल्यावर सिस्टरनीच उठवलं."

"तापानं लागला असंल."

"ताप तर वाडीतच उतरला व्हता," मास्तर म्हणाले.

मी दाराखाली होतो, तिथूनच मास्तरांच्या पायाकडे पाहत राहिलो. सात वर्षं हा माणूस माझ्यावर पाय ठेवून बसला होता, आणि त्या सात वर्षांत त्याला एकदा साधी जांभईसुद्धा आली नव्हती.