प्रश्न नंतर, आधी नाश्ता

ज्ञानेशला नाटकात काम करायची हौस अजिबात नव्हती. त्याला फक्त एक प्रश्न विचारायचा होता.

ज्ञानेश आमच्या नाशकातल्या एका दैनिकाचा बातमीदार. पत्रकार परिषदेची पद्धत ठरलेली असते. नेता येतो, प्रेसनोट वाटली जाते, सामोशांचे खोके फिरतात, 'प्रश्न नंतर' असं सांगितलं जातं आणि नंतर नेत्याला दुसरीकडे जायचं असतं. बातमी म्हणजे तीच प्रेसनोट, फक्त 'मी'च्या जागी 'ते' करायचं. दैनिक तटस्थ असल्यामुळे सगळ्या पक्षांच्या प्रेसनोटा सारख्याच श्रद्धेने छापल्या जातात.

आता पंचवटीपलीकडे आमच्या प्रभागात नाल्यावर एक पूल आहे. म्हणजे त्याची कोनशिला आहे. या निवडणुकीत समोरासमोर उभे असलेले शेखरभाऊ आणि पुंजानाना, दोघांनीही आपापल्या काळात त्याचं भूमिपूजन केलंय, त्यामुळे नाल्याला पुण्य भरपूर लागलं. ज्ञानेशला विचारायचं होतं, पूल कुठाय? संपादकांनी समजावलं की ऐन निवडणुकीत असा प्रश्न म्हणजे बाजू घेणं. कुणाची, असं याने विचारल्यावर ते म्हणाले, "नाल्याची."

तेवढ्यात आमच्या हौशी नाटकमंडळीतली तेजस्विनी नाटक बसवायला निघाली. ती दिवसा अंबडच्या एका कंपनीत मालाची क्वालिटी तपासते आणि संध्याकाळी आमची. नाटक निवडणुकीवर, निःपक्ष पत्रकारितेवर. नायक बातमीदार, आणि दुसऱ्या अंकात भर पत्रकार परिषदेत तो उमेदवार गोटीरामदादाला विचारतो, "पूल कुठाय?" दादा निरुत्तर होतो. पडदा. ज्ञानेशने स्वतः जाऊन ती भूमिका मागितली. संपादकांनीही खुशीने परवानगी दिली.

अडचण एकच आली. रंगीत तालमीला आचारसंहितेचं पथक आलं आणि नेपथ्यातली पुठ्ठ्याची कोनशिला त्यांनी खाकी कागदात गुंडाळून टाकली, तिच्यावर गोटीरामदादाचं नाव होतं म्हणून. तेजस्विनीने सांगून बघितलं की गोटीरामदादा काल्पनिक आहे. पथकप्रमुख शांतपणे म्हणाले, "मॅडम, आचारसंहिता सगळ्यांना सारखी."

प्रयोगाला पहिली रांग पत्रकारांना राखून ठेवली होती. पहिला अंक त्यांनी मोबाइलमध्ये मान घालून पाहिला. दुसऱ्या अंकाचा पडदा उघडला. स्टेजवर टेबल, बॅनर, मिनरल वॉटरच्या बाटल्या. गोटीरामदादा झालेला ओम पांढऱ्याशुभ्र कपड्यांत आला, नमस्कार केला आणि संहितेप्रमाणे म्हणाला, "प्रश्न नंतर, आधी नाश्ता घ्या."

चूक तेजस्विनीची. खरेपणा हवा म्हणून तिने पूल पूर्ण झाल्याची प्रेसनोट छापून घेतली होती आणि गरम सामोसे मागवले होते. वास पहिल्या रांगेपर्यंत गेला आणि अख्खी रांग उठली. कुणी ठरवून नाही. झोपेत माणूस कूस बदलतो तसे ते पायऱ्या चढून स्टेजवर आले, ओळीत उभे राहिले, प्रत्येकाने एक खोका आणि एक प्रेसनोट उचलली. ओम बिचारा भूमिका न सोडता "बसा, बसा" करत राहिला. प्रेक्षकांना वाटलं, हे दिग्दर्शनच आहे. टाळ्या पडल्या.

त्या गर्दीत ज्ञानेशने आपला प्रश्न विचारला.

खोक्यांची रबरं काढण्याच्या आवाजात तो कोणाला ऐकू गेला नाही. त्याने पुन्हा, पोटातून विचारला. तेव्हा एका ज्येष्ठ पत्रकाराने, तोंडात सामोसा तसाच ठेवून, त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"अरे, खाऊन घे आधी. कशाला माणसाला अडचणीत आणतो?"

ओमने खरं तर निरुत्तर व्हायचं होतं. पण समोर एवढी खरी प्रेस बघून तो म्हणाला की प्रेसनोटमध्ये सगळं दिलंय. सगळ्यांनी माना डोलावल्या. पडदा.

सकाळी सगळ्या पेपरांत बातमी होती: 'पुलाचे काम पूर्ण, नागरिकांत समाधान.' ज्ञानेशच्या पेपरातही, ओमच्या फोटोसकट. दुपारपर्यंत पुंजानानांनी पूल आपल्या काळातला असल्याचं पत्रक काढलं. शेखरभाऊंनी त्याच्यावर कडी करून थेट नाल्याच्या काठावर पत्रकार परिषद बोलावली, मतदारांचे आभार मानायला. मांडव घातला, खुर्च्या नाल्याकडे पाठ करून लावल्या.

ज्ञानेश तिथे उभा राहिला. या वेळी रंगभूषा नव्हती, संहिता नव्हती, समोर खरा उमेदवार. संपादक पहिल्या खुर्चीवर.

"भाऊ, पूल कुठाय?"

मग शेखरभाऊंनीच टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

"वा! ज्ञानेशराव, नाटक पाहायचं राहिलं होतं आमचं. परत घ्या बरं एकदा, पोरांचे मोबाइल चालू नव्हते."

ज्ञानेशने परत विचारलं, नाटक नाही म्हणून सांगितलं. लोक म्हणाले, हे वाक्य तर फारच भारी. त्याचा आवाज चढला, तसे मोबाइल वाढले. संपादक अभिमानाने शेजाऱ्याला सांगत होते की हा आमच्याकडेच असतो. थोडा राग कमी पडतोय, असंही कुणीतरी सुचवलं.

मग त्याने विचारणं सोडलं. पॅन्ट दुमडली आणि जिथे पूल असायला हवा होता तिथून सरळ नाल्यात उतरला. घोट्याएवढं, गुडघ्याएवढं, पिशव्या बाजूला सारत, मागे न बघता तो पलीकडे चालत गेला. आता तरी दिसेल, अशी त्याची समजूत. आणि सगळ्यांनी खुर्च्या नाल्याकडे फिरवल्या होत्या, हे मी स्वतः पाहिलंय.

दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर त्याचा पाठमोरा फोटो होता. खाली ओळ: 'नव्या पुलावरून पलीकडे जाताना पहिले नागरिक.' फोटो कमरेच्या वरचाच छापला होता.