टायांची वाकळ

मी एक जुनी वाकळ आहे. शहरातली माणसं मला गोधडी म्हणतात, त्यालाही मी ओ देते. मित्रांनो, माझी गोष्ट सलग सांगता येणार नाही, कारण मीच सलग नाही. जो तुकडा हाताला लागेल, तो ऐका.

निळा तुकडा, पांढरे ठिपके

हा साताऱ्यातल्या एका वकिलांचा टाय. बेचाळीस साली त्यांनी विलायती पोशाख सोडला आणि टाय ट्रंकेत गेला. गावातल्या पुष्कळांचे तसेच गेले. पुढे लढाईमुळे कापड रेशनवर आलं. तिथं बायकांच्या एका मंडळानं धर्मादाय प्रसूतिगृह काढलं होतं, पण खाटांना पांघरुणं मिळेनात. मंडळाच्या अध्यक्षा उमाताई म्हणजे या वकिलांची बायको. एका दुपारी त्यांनी ट्रंक उघडली आणि ठरवलं, की हे रेशीम वाळवीला घालण्यापेक्षा बाळंतिणींच्या अंगावर घालावं.

मग त्या घरोघरी गेल्या. मास्तरांचे टाय मिळाले, कचेरीतल्या कारकुनांचे मिळाले. सांगलीहून त्यांच्या भावानं, गोपाळकृष्णांनी, गाठोडंभर पाठवले. त्यातल्या एकावर आमटीचा डाग होता. तो अजून आहे.

अस्तर

टाय उसवला की आत जाड लोकरी पट्टी निघते. बायकांनी ती टाकली नाही, माझ्या पोटात भरली. रेशीम दिसतं, पट्टी दिसत नाही. ऊब मात्र तिची.

तिरका तुकडा

टायचं कापड तिरकं कापलेलं असतं. मंडळातल्या बायकांनी आजवर जुनी लुगडी आणि धोतरं शिवली होती. त्यांनी हे तुकडेही तसेच ओढून जोडले. तिरकं कापड ताणलं जातं. मी पुरी झाले तेव्हा मधोमध फुगले होते आणि माझं एक टोक हातभर लांब लोंबत होतं. अनसूयाबाई म्हणाल्या, "उमाताई, ही पांघरायची, की हिचा तंबू ठोकायचा?" त्यावर बायका डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

पण रेशीम ते रेशीम. मला मळवणं उमाताईंच्या जिवावर आलं. देणगीदार आले की त्यांना दाखवता येईल म्हणून त्यांनी मला प्रसूतिगृहाच्या कचेरीत भिंतीवर खिळे मारून टांगलं. पाहुणे मान वाकडी करून कौतुक करत. खाटांवरच्या बायका आपापलं लुगडं दुहेरी करून पांघरत. दानासाठी केलेल्या माझ्याखाली कुणी निजलंच नाही.

तपकिरी तुकडा, ज्याच्याकडे बनुबाई बघायची

बनुबाई तिथली आया. मेढ्याकडची, विधवा, मुलगा जोतिबा पलटणीत. ती कचेरी झाडायला आली की माझ्यासमोर थांबायची. मला वाटायचं, तिला रंग आवडतात.

तिची सून लीला दोनदा बाळंत झाली होती. दोन्ही मुलं पाचवीच्या आत गेली. पाचवीला सटवाई येते आणि बाळाचं पुढचं सगळं कपाळावर लिहिते; या घरात तिला लिहायला कपाळच सापडलं नव्हतं. तिसऱ्या खेपेला लीलाला याच प्रसूतिगृहात आणलं. दिवस थंडीचे होते. मुलगी झाली, ओंजळीत मावेल एवढी.

बनुबाई उमाताईंकडे आली आणि माझ्याकडे बोट करून म्हणाली, ती वाकळ द्या.

उमाताईंना वाईट वाटलं. आपल्या आयाच्या घरी पांघरूण नाही, आणि आपण विचारलंही नाही. त्यांनी घरून कोरं ब्लँकेट मागवलं, घडी न मोडलेलं. बनुबाईनं त्याला हात लावला नाही. "नवं नगं," एवढंच म्हणाली आणि बादली उचलून गेली. उमाताई दुखावल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी दुसरं ब्लँकेट आणलं, पहिल्याहून चांगलं. बनुबाईनं तेही परत केलं. देणारीला वाटलं, हिला माज आलाय. मागणारीला वाटलं, हिला ऐकू येत नाही.

खिळे चार होते आणि कचेरीची किल्ली बनुबाईच्याच कनवटीला असायची. मला उतरवून नेणं तिला अवघड नव्हतं. पण तसं चालत नाही. ज्या घरात मूल टिकत नाही, तिथल्या बाळाला घरोघरच्या मागितलेल्या चिंध्या पांघरतात. विकत घेतलेलं चालत नाही, चोरलेलं तर नाहीच. हात पुढे करावा लागतो आणि समोरच्याच्या हातानं मिळावं लागतं.

रिकामी जागा (इथला तुकडा आता नाही)

पाचवीच्या आदल्या सकाळी बनुबाई पुन्हा आली. या खेपेला उभी राहिली नाही, जमिनीवर बसली. कुणाच्या दारात कधी न बसलेली बाई.

"आवं ताई, ह्या चिंध्या तुमी किती घरं फिरून मागिटल्या?"

उमाताई चिडलेल्याच होत्या, तरी आठवू लागल्या. मास्तर, कारकून, सांगलीचा भाऊ, त्याचे शेजारी. मध्येच त्या थांबल्या.

"मला येवढी घरं मागून कवा व्हायची? सटवाई उद्याच्याला यायची हाय. तुमचं मागून झालंय. त्येच मी मागतीया."

उमाताई म्हणाल्या, "बनुबाई, मी असलं काही मानत नाही."

"नका मानू. मागायचं आमी, मानायचं बी आमी. तुमी नुस्तं द्या."

उमाताई खुर्चीवर चढल्या. खिळे घट्ट होते. लोंबणारं टोक टर्रकन फाटलं. त्या म्हणाल्या, थांब, नीट करून देते. बनुबाईनं पदर पसरला आणि म्हणाली, फाटकीच असू द्या.

पिवळा तुकडा, पट्ट्यांचा

मुलगी जगली. मी जगवली असं मी म्हणत नाही. माझ्या पोटात लोकर होती आणि बाहेर थंडी होती. कुणाची नजर नको म्हणून नाव ठेवलं धोंडी.

मेढ्याला मी पहिल्यांदा मळले. माझ्यावर दूध सांडलं, राख पडली, कोंबडी बसली. रेशीम विरलं. अंगावरून मी घसरायची म्हणून लीला मला धोंडीच्या पायाखाली खोचायची.

टाका

एकोणपन्नास साली लीलाची मामेबहीण विजयमाला कुंडलहून आली. तिचं एक मूल गेलं होतं, दुसरं पोटात होतं. तिनं काही सांगितलं नाही, नुसता हात पुढे केला.

नेमका त्या दिवशी धोंडीला ताप होता आणि मी तिच्या अंगावर होते.

लीला म्हणाली, "आज नगं, विजे. उद्या ने."

बनुबाई चुलीपाशी होती. ती सुनेला रागावली नाही. म्हणाली, "मागून आणलेलं हाय, लीले. आपलं न्हाई ते."

"पोरगी तापलीया, आत्या."

"दिसतंय मला."

मग लीलानं माझी एक कड उचलली, दातांनी टाका तोडला आणि उसवत गेली. रेशीम, आतली पट्टी, सगळं. विजयमालाच्या ओटीत तिनं एक पट्टा घातला आणि मागं वळून लगेच धोंडीच्या कपाळावर हात ठेवला. कपाळ तापलेलंच होतं. तिनं दिलेला पट्टा परत मागितला नाही.

ताप हिवतापाचा होता. कोयनेलच्या गोळ्यांनी तिसऱ्या दिवशी उतरला. त्यानंतर आणखी बायका आल्या. कुणी एक तुकडा नेला, कुणी चार.

मित्रांनो, भिंतीवर मी अख्खी होते तेव्हा माझा कुणाला उपयोग नव्हता. वस्तू जपा, पण धुऊन आणि वापरून जपा, खिळ्याला टांगून नको. आता मी उशीवर घालण्याएवढी उरले आहे. मी तुमच्या घरी असताना कुणी मागायला आलं, तर मला कात्री लावू नका. टाका बघून सावकाश उसवा.