वाळ्याचा वास आणि कोरडा वारा

मी एक जुना कूलर आहे, मित्रांनो, आणि सध्या बंद आहे. बंद म्हणजे बिघडलेला नाही, हे आधीच सांगून ठेवतो. माझी मोटर ठणठणीत आहे. पंखा आजही नुसतं बोट लावलं तरी फिरेल. माझ्यातून जे गेलं ते माझ्या दोषाने गेलेलं नाही, ते जमिनीखालून गेलं.

ॲरिझोनाच्या वाळवंटातल्या एका काउंटीत, एका बुटक्या घराच्या छतावर मी बसलो आहे. काउंटी म्हणजे आपला जिल्हाच म्हणा. पण आकाराने एवढी की आपले एक-दोन जिल्हे आत सहज मावतील, आणि माणसं पाहाल तर एखाद्या तालुक्याच्या गावाएवढीसुद्धा नाहीत. छतावरून मला सगळं दिसतं. चारी बाजूंना उघडे, तांबूस डोंगर. मधे सपाट माळ आणि त्यावर गुडघाभर काटेरी झुडपं. नदी नकाशावर आहे, पण तिच्या पात्रातून लोक जीप चालवतात. गावात एक पेट्रोल पंप, एक शाळा, एक छोटं हॉस्पिटल आणि एक दुकान, जिथे चिप्स हव्या तेवढ्या मिळतात आणि भाजी मिळत नाही. भाजी आणायची तर सकाळी निघून दुपारी परत यायचं. वारा सुटला की धुळीची भिंत उठते आणि समोरचा रस्तासुद्धा दिसेनासा होतो. उन्हाळ्यात इथे दाराची कडी फडक्याने धरून उघडावी लागते. अशा ठिकाणी कूलर म्हणजे काय चीज आहे, हे एसीत वाढलेल्यांना नाही कळायचं.

माझा जन्म फीनिक्सजवळच्या एका पत्र्याच्या कारखान्यात झाला. माझं काम अगदी साधं. तळाशी पाण्याचं ताट, त्यात एक चिमुकला पंप. पंप पाणी वर चढवतो, ते तिन्ही बाजूंच्या ताट्यांवरून झिरपतं, आणि मधला पंखा त्या ओल्या ताट्यांतून हवा ओढून खाली घरात सोडतो. बाहेर भट्टी पेटलेली असली तरी आत गारवा. यात जादू काही नाही, सगळी पाण्याची करामत. पाणी आहे तोवर मी कूलर, पाणी नसेल तर नुसता डबा.

या घरात डॉक्टर त्र्यंबक आणि त्यांच्या पत्नी उल्काकाकू राहायला आले, तेव्हा मी ऐन उमेदीत होतो. दोघंही नागपूरचे. इथल्या हॉस्पिटलला कोणी डॉक्टर मिळत नव्हता, म्हणून हे आले. त्यांचे मित्र बॉथेलला, नोव्हायला, अमेरिकेतल्याच हिरव्यागार गावांत गेले आणि हे दोघं या माळावर. पहिल्या दुपारी उल्काकाकू अंगणात उभ्या राहून नुसत्या बघत होत्या. रडवेल्या झाल्या होत्या. मग त्यांची नजर वर माझ्याकडे गेली.

"अहो, इथे कूलर आहे बाप्पा," त्या म्हणाल्या, आणि पदराने डोळे पुसून आत गेल्या.

माझ्याकडे बघून कुणाला धीर आला, असं तोवर झालं नव्हतं. मी त्याच दिवशी त्यांचा झालो. माझं मराठीसुद्धा त्यांचंच. घरात दुसरं काही बोललंच जायचं नाही, आणि माझा झरोका थेट बैठकीच्या छतात उघडतो, त्यामुळे मला सगळं ऐकू येतं.

पुढच्या खेपेला नागपूरहून येताना काकूंनी बॅगेत साड्यांच्या घड्यांमधे वाळा आणला. वाळ्याच्या मुळ्या हो, सुगंधी. माझ्यातल्या लाकडाच्या किसाच्या ताट्या काढून त्यांनी वाळ्याच्या ताट्या स्वतःच्या हाताने विणून बसवल्या. पाणी सोडलं, आणि घरभर तो वास पसरला. ओल्या मातीसारखा, पण त्याहून गोड. डॉक्टर दवाखान्यातून आले आणि दारातच थांबले. छातीभर वास घेतला. मग म्हणाले, "आता इथे राहता येईल."

आणि ते राहिले. एकुलता एक मुलगा सुमंत इथेच वाढला. बैठकीत माझ्या झरोक्याखाली सतरंजी टाकून तो अभ्यास करायचा. माझ्यातून ठिबकणारं जास्तीचं पाणी भिंतीलगत पडायचं, तिथे काकूंनी पुदिना लावला. तो असा माजला की शेजारची लूपे टोपली भरभरून न्यायची. या लूपेने सुमंतला अंगाखांद्यावर खेळवलेलं. त्या मित्रांपैकी नोव्हायचा सिद्धेश एकदा उन्हाळ्यात आला, तर आल्या आल्या हसला. "यार त्र्यंबक, अमेरिकेत येऊन कूलर?" जेवण झाल्यावर असा काही घोरत पडला की संध्याकाळच्या चहाला त्याला हलवून उठवावं लागलं. जाताना माझ्याकडे बघून मान डोलावून गेला. मला तेवढं पुरे होतं.

नागपूरकराची दुपार ठरलेली असते, मित्रांनो. पडदे ओढायचे, खिडकी चार बोटं उघडी ठेवायची म्हणजे हवा खेळते, कूलर लावायचा आणि आडवं व्हायचं. डॉक्टरांनी ही रीत कधी मोडली नाही.

मग खोऱ्यात मोठी शेती आली. छतावरून मी ती येताना पाहिली. तांबड्या मातीवर हिरवी गोल वर्तुळं उमटायला लागली, एकेक वर्तुळ आख्ख्या गावापेक्षा मोठं. गुरांचा चारा पिकवायचा आणि लांब कुठेतरी पाठवायचा. त्यांच्या बोअर खोल, फार खोल. इथे ज्याची बोअर खोल त्याचं पाणी. कुणी कायदा मोडला नाही, म्हणून कुणाला काही म्हणता येईना. खालचं पाणी उपसल्याने जमीन खचली, रस्त्याला भेगा पडल्या, गाय पडेल एवढ्या. मग घरांच्या विहिरी एकेक करून आटल्या. लूपेची आटली तेव्हा ती गावातून ट्रेलरवर टाकी भरून पाणी आणायला लागली. अंघोळीचं पाणी झाडांना, भांड्यांचं पाणी कुत्र्याला. शेजारची दोन घरं तर लोक तशीच टाकून गेले. बिनपाण्याचं घर विकत कोण घेणार?

याच काळात उल्काकाकू गेल्या. आजार लांबला नाही, तेवढंच बरं. शेवटच्या दुपारी त्या माझ्याच झरोक्याखाली होत्या. पुढे कोरोनाच्या साथीत डॉक्टरांना ताप आला. ते वाचले, पण त्यांना वास येणं कायमचं बंद झालं. कॉफीचा नाही, फोडणीचा नाही, आणि वाळ्याचाही नाही. तरी दर उन्हाळ्याला ते वाळा मागवायचे, गावातल्या माणसाकडून ताट्या बदलून घ्यायचे. लूपे बीपी तपासून घ्यायला आली की तिला विचारायचे, "वास येतोय ना?" ती म्हणायची, "येतोय, डॉक्टर." मग ते खुर्चीत टेकून डोळे मिटायचे. मला फार वाईट वाटायचं. पण काम चोख करत राहायचो.

सुमंत आता कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटला. मोठ्या कंपनीत नोकरी, बायको आसावरी, टाउनहाउस, दोन गाड्या. मुलगा वाईट नाही हो. दर दुपारी लंच ब्रेकमधे न चुकता फोन करायचा. डॉक्टर ऐकायला कमी येतं म्हणून स्पीकर लावायचे, त्यामुळे मलाही सगळं ऐकू यायचं.

"बाबा, एसी इन्स्टॉल करून देतो ना. नाहीतर इकडे या. आसावरीने खालची रूम तुमच्यासाठी रेडी करून ठेवलीय."

"कूलर असताना एसी कशाला? आणि तिकडे येऊन मी काय करू? इथे तुझी आई आहे."

आई आहे म्हणजे काय, हे सुमंतला कळायचं, म्हणून तो पुढे बोलायचा नाही. शेवटी त्या दोघांत एक ठरून गेलं होतं. मागून माझी घरघर ऐकू आली की सुमंत म्हणायचा, "कूलर चालू आहे ना? आवाज येतोय. चला, मग ठीक आहे." आणि फोन ठेवायचा. माझा आवाज म्हणजे बाप गारव्यात सुखरूप बसलाय, असा त्याचा हिशेब. मला तेव्हा त्याचा मोठा अभिमान वाटायचा.

या उन्हाळ्याच्या सुरुवातीला नळाला वाळू यायला लागली. मग नळ फुसफुसायला लागला. मग एक दिवस माझ्या ताटात पाणी आलंच नाही. आपली विहीर संपली होती.

डॉक्टरांना ते कळलं नाही असं नाही. तळाशी कोरडा पंप किरकिरतोय हे ऐकून त्यांनी पंपाचं बटण बंद केलं, आणि बराच वेळ त्या बटणापाशी उभे राहिले. सुमंतला सांगावं, तर तो पुढच्या विमानाने येणार आणि घेऊन जाणार. घर सुटलं की उल्का सुटली. म्हणून त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. दुकानातून प्यायच्या पाण्याचे कॅन आणायचे आणि पुरवून पुरवून प्यायचे. लूपेकडे मागायचा संकोच, तिचंच तिला पुरत नव्हतं. शिवाय तिच्याकडे सुमंतचा नंबर होता. तिला ते आताशा आत येऊ देत नसत, बाहेरच्या बाकावरच बीपी बघायचे.

आणि दुपारी फोनची वेळ झाली की मला लावायचे. पंप बंद, नुसता पंखा.

"कूलर चालू आहे ना बाबा?"

"हो, हा काय. सगळं ठीक आहे."

"आवाज येतोय. चला, मग ठीक."

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. मी छतावरची पेटती हवा ओढून खाली त्या म्हाताऱ्या माणसाच्या अंगावर सोडत होतो, आणि माझी घरघर शेकडो मैलांवर त्यांच्या मुलाला सांगत होती की सगळं ठीक आहे. पंख्याचा आवाज ओला असो की कोरडा, सारखाच असतो.

फोन झाला की ते मला बंद करायचे. जन्मभर पेशंटना त्यांनी हेच बजावलं होतं, की उकाड्यात कोरड्या वाऱ्याखाली झोपू नका, अंगातलं पाणी ओढून घेतो. पण एका दुपारी फोन ठेवून ते खुर्चीत टेकले आणि तसेच राहिले. पडदे ओढलेले, खिडकी चार बोटं उघडी. नेहमीची दुपार. मी चालूच राहिलो. मला बंद होता येत नाही, कुणीतरी बटण दाबावं लागतं.

लूपे आली ती पुदिन्यामुळे. कुंपणाजवळून जाताना तिला भिंतीलगतचा पुदिना दिसला, पार जळून काळा पडलेला. ती थांबली, वर माझ्याकडे पाहिलं, मी चालू होतो आणि थेंब एक पडत नव्हता. तिने हाक मारली नाही, सरळ दार ढकलून आत गेली. मग मला तिचं रडणं ऐकू आलं, आणि फोनवर पत्ता सांगणं. इथलं हॉस्पिटल आता नावालाच उरलंय. शाळेच्या मैदानावर हेलिकॉप्टर उतरलं आणि डॉक्टरांना घेऊन गेलं. ज्या गावाला त्यांनी इतकी वर्षं तपासलं, त्या गावात त्यांना सलाईन लावायला कोणी नव्हतं.

ते वाचले. पण मूत्रपिंडं दुखावली, चालणं सुटलं. हॉस्पिटलमधून सुमंत त्यांना परस्पर फ्रीमाँटला घेऊन गेला. घराचा निरोपसुद्धा घेता आला नाही त्यांना.

नंतर सुमंत घर आवरायला एकटाच आला. आवराआवर झाल्यावर शिडी लावून वर चढला. माझं झाकण उघडून त्याने तळाच्या ताटात हात फिरवला. हाताला पांढरा खार लागला. खाली लूपे शिडी धरून उभी होती. दोघं इंग्रजीत बोलले, मी आपलं मराठीत सांगतो.

"मी रोज ऐकत होतो, लूपे. रोज आवाज यायचा."

"पंख्याला पाणी लागत नाही, बाळा," लूपे म्हणाली. तिने बोल लावला नाही. पण सुमंत तिथेच पत्र्यावर बसला. पत्रा तापलेला होता, तरी बसला.

बऱ्याच वेळाने त्याने खिशातली पाण्याची बाटली काढली. प्यायला उघडली, आणि काय मनात आलं कोण जाणे, सगळी माझ्या ताटीवर ओतली. मुळ्यांनी पाणी पिऊन घेतलं आणि वाळा दरवळला. सुमंतने ताटीला तोंड लावलं आणि एकच शब्द म्हणाला, "आई."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. डॉक्टरांचा. आवाज खोल गेलेला.

"पोचलास का? कूलर बघितलास? चालतोय ना?"

सुमंतने डोळे पुसले. शिडी उतरून तो आत गेला, माझं बटण दाबलं आणि फोन वर झरोक्याकडे धरला. मी फिरलो, मित्रांनो. होता तेवढा ओलावा ओढून घेतला आणि जीव खाऊन फिरलो.

"हो बाबा, चालू आहे. ऐका."

पलीकडे डॉक्टर थोडा वेळ ऐकत राहिले.

"आवाज येतोय," ते म्हणाले. "चला, मग ठीक आहे."

सुमंतने फोन ठेवला. वाळा तोवर सुकला होता. त्याने मला बंद केलं, खिडकी लावली, आणि गाडी धुळीत दिसेनाशी झाली.

आता मी इथेच आहे. माझी काळजी घ्या असं सांगत नाही. माझ्यासारखे डबे पुष्कळ मिळतात. सांगायचं एवढंच, की लांब राहणाऱ्या आपल्या माणसाला फोन कराल तेव्हा नुसत्या आवाजावर जाऊ नका. घरात पाणी आहे का, ते विचारा. आणि तो हो म्हणाला, तरी एकदा येऊन बघा.