डांबराचा लाल

"कोळशाच्या डांबरातून काढलेला रंग देवाच्या वेदीवर? लेबरेख्ट, उद्या तू धुराड्यातली काजळीही विकशील."

म्हातारे काटविंकेल खोऱ्यातल्या रंगाऱ्यांचे प्रमुख. त्यांच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या मंजिष्ठेच्या मुळांपासून लाल रंग केला. माझ्या नवऱ्याने तोच रंग डांबरातून काढला आणि पेन्टेकॉस्टच्या सणाला वेदीवर घालायचं लाल कापड रंगवून दिलं. ते परत करायला काटविंकेल पाद्रीसाहेबांना घेऊन आमच्या स्वयंपाकघरात उभे होते. चर्चने नाकारलेला रंग खोऱ्यात कोणी घेणार नाही, आमच्या कारखान्याला कुलूप लागेल, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

"साबणाच्या उकळीत टिकला, तरी नाही म्हणाल?" लेबरेख्टने विचारलं.

"आधी टिकू दे. घरच्या चिंध्यांसोबत उकळून दाखवशील, आणि आम्ही माना डोलवायच्या."

दर शनिवारी पाद्रीसाहेबांच्या गळ्याशी लावायच्या पांढऱ्या पट्ट्या धुणं हा माझा लग्नाआधीपासूनचा नेम. हंडा उकळतच होता. मी काटविंकेलांच्या हातून कापड घेतलं, साबणाच्या पाण्यात सोडलं, आणि वरून त्या पट्ट्या टाकल्या.

पाद्रीसाहेब दचकले. "बाई, उद्या गुलाबी गळ्याने प्रवचन करू?"

"प्रभूची इच्छा असेल तर," मी म्हणाले.

मागच्या ताग्याने रंग सोडला होता, हे फक्त आम्हा नवराबायकोला माहीत होतं. लेबरेख्टचा चेहरा उतरला. तरी त्याने खुर्ची पुढे ओढली. "बसा, काटविंकेलसाहेब. चांगलं खळखळू दे."

मी काठीने पट्ट्या बाहेर काढल्या. पांढऱ्याशुभ्र.

काटविंकेलांनी कापड चोळलं, हुंगलं. "वास डांबराचाच."

"मंजिष्ठेचा लाल पक्का करायला तुमच्या हंड्यात मेंढ्यांच्या लेंड्या पडतात. आम्ही कधी नाक धरलं?" मी विचारलं.

पाद्रीसाहेबांना हसू आलं, पण ते म्हणाले, "चर्चच्या मंडळींचा निर्णय झालाय. मला बदलता येणार नाही."

दुसऱ्या दिवशी वेदीवर जुनंच विटलेलं कापड होतं. मी प्रार्थना करून काळ्या पोशाखावर ते लाल कापड शालीसारखं घेतलं आणि लेबरेख्टशेजारी पहिल्या बाकावर जाऊन बसले. मागे कुजबुज झाली. मी मान वळवली नाही.

बाहेर पडताना काटविंकेलांच्या सुनेने शालीचा काठ हातात धरला. "काकू, असं कापड सासऱ्यांना न सांगता मिळेल?"

"त्यांना सांगूनच ने, बाळ," मी म्हणाले.