आक्काबाई मीठ मागायला येते

"आई, चुलीपाशी बस बरं जरा. आता माठाकडं सरक. हां, दिसतीस."

नितीन स्टुलावर उभा होता आणि आईकडे न बघता हातातल्या मोबाईलमध्ये बघत होता. रंगुबाई माठाकडे सरकली. वर कोपऱ्यात लिंबाएवढा पांढरा गोळा बसला होता, त्यात एक काळी काच आणि एक बारीक निळा दिवा.

"हे काय करतं रं?"

"काय न्हाई. नुसतं बघतं. तू चक्कर येऊन हितंच पडलीस, आक्का आली म्हणून कळलं तरी. न्हाईतर?"

"आली की पर."

"नशीब समज. मीठ मागायला आल्ती म्हणं."

"व्हय," रंगुबाईनं उगाच पदर सारखा केला. "मीठच मागायला. पर नित्या, सयपाकघरात नको. वट्यावर लाव की."

नितीनला हसू फुटलं. "आपल्या घराला दार न्हाई, कडी न्हाई. कुठनं कुठनं लोक बघाया येत्यात. आन् तुला आता लपवायचं सुचलं? सोनं पुरलंय का काय चुलीखाली?"

रंगुबाईही हसली.

*

शिंगणापुरात घरांना दारं नसतात हे सगळ्यांना माहीत आहे. बिनदाराच्या घरात कसं राहायचं, ते मात्र राहणाऱ्यालाच कळतं.

रंगुबाई शेवगावकडून लग्न होऊन आली तेव्हा पहिल्या रात्री तिचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. नुसता पडदा, तोही वाऱ्यावर उडणारा. सकाळी सासू म्हणाली, "आगं, कुनी बघत न्हाई. बघायचं नस्तं." तेवढंच. पुढे तिला दिसत गेलं. वाटेनं जाणारा माणूस पडद्याच्या फटीतून आत डोकावत नाही. येणारा लांबूनच खाकरतो, हाक मारतो, चपला जरा जास्तच वाजवत काढतो. तेवढ्यात आतली बाई पदर घेते, भांडणारे गप्प होतात, रडणारा डोळे पुसतो. परगावचे भक्त तेवढे येतात आणि पडदा सारून फोटो काढतात. त्यांना कुणी शिकवलेलं नसतं, म्हणून गावानं त्यांना माफ केलेलं असतं.

*

स्वयंपाकघरात हालचाल आढळली.

नागापूरच्या कंपनीत, जेवणाच्या सुट्टीत, नितीनच्या मोबाईलवर ही ओळ उमटायची. त्याला दिसायचं ते एवढंच: एक म्हातारी येते, जेवते, जाते.

रंगुबाईला दिसायचं ते असं.

"रंगू, हाईस का गं?"

"ये आक्का."

"चिमूटभर मीठ दे. आमचं सर्दाळलंय."

"देते की. बस. पिठलं जरा जास्तच झालंय बघ, टाकून द्यायचं जिवावर येतंय."

"तू बी ना! माप म्हनून न्हाई तुझ्या हाताला."

आक्काबाई पलीकडच्या घरची. मुलगा मच्छिंद्र टेम्पो चालवतो, सून शुभांगी देवळाजवळ हार-फुलांच्या दुकानात बसते. सकाळी सून एक भाकरी झाकून जाते, ती थेट दिवेलागणीला परत येते. वाईट नाही ती. सासूला किती भूक लागते हे तिनं कधी विचारलं नाही, आणि आक्काबाईनं ते सांगितलं नाही. सांगायची वेळ आली तर जीभ झडेल, असा तिचा स्वभाव. गावभर सांगायची, "आमची शुभांगी लई जपती मला."

रंगुबाई ताट वाढायची आणि पाठ फिरवून भांडी घासायला बसायची. घासलेलीच भांडी ती पुन्हा घासायची. मागून ताटात हात धुतल्याचा आवाज आला की वळायची, मग दोघी बोलायच्या. जाताना मिठाची पुडी द्यायची. आक्काबाईच्या घरी आतापर्यंत मिठाचं पोतं जमलं असेल.

कॅमेरा आला त्या दिवशी आक्काबाईनं वर बघून विचारलं, "हे काय गं?"

"नित्यानं बसवलंय. मी पडले तर त्याला दिसावं म्हनून."

"बघायच्या आधी हाक मारतं का?"

"न्हाई."

"मंग लई वंगाळ वळन हाय त्याला," आक्काबाई म्हणाली. दोघी खूप हसल्या. पण आक्काबाईनं ताट उचललं आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

*

"आई, आक्का रोजच असती की जेवायला!"

रंगुबाईनं फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला. "कुनाला बोललास?"

"मच्छ्या माल घेऊन आल्ता आमच्या गेटवर. त्याला दाखवलं."

"दाखवलं?"

"त्याच्या भल्यासाठीच गं. आईला जेवायला मिळतं का न्हाई, पोराला कळाया नको? आदी खोटं वाटलं त्याला. मग नीट बघितलं त्यानं, मोठं करून."

मोठं करून म्हणजे काय ते रंगुबाईला कळलं नाही. तिनं वरच्या निळ्या दिव्याकडे बघितलं.

त्या दुपारी हाक आली नाही. दुसऱ्या दुपारीही नाही. पिठलं थिजलं, ते तिनं कुत्र्याला घातलं.

*

तिसऱ्या दिवशी आक्काबाई दिसली. दुकान बंद ठेवून शुभांगीनं सासूला ओट्यावर, अगदी रस्त्याच्या कडेला बसवलं होतं. पुढ्यात ताट. दोन भाकरी, भरलं वांगं, शेंगदाण्याची चटणी, वाटीभर दूध.

"जेवा आत्याबाई पोटभर," शुभांगीचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला. "समद्यांना दिसू द्या. उपाशी ठेवते म्हनत्यात मला."

आवाजात राग होता, पण डोळे सुजलेले होते. मच्छिंद्र तिला काय काय बोलला असेल, ते त्या डोळ्यांत दिसत होतं.

जाणारा एकजण थांबला. "आज वट्यावर व्हय आक्का?"

"ऊन चांगलं पडलंय," आक्काबाई म्हणाली. ऊन भाजून काढत होतं. तिनं घास केला, तो हातातच राहिला.

*

"बघ, आता भरून ताट मिळतंय का न्हाई?" ओट्यावरच्या ताटाचं ऐकून नितीन फोनवर खुशीत होता. "कॅमेऱ्यामुळंच झालं."

ते खरं होतं.

"नित्या, शाळंत जायला लागलास तरी तू हातरून वलं करायचास."

"आई! काय काढतीस?"

"मच्छ्याला कळलं का कदी?"

"न्हाई."

"कुनालाच न्हाई कळलं. आक्का तुझी गोधडी तिच्या धुन्यात घालायची आन् तिच्याच परसात वाळवायची. मच्छ्याला वाटायचं, त्याचीच हाय. लोक त्याला हसायचे."



"रविवारी येऊन कॅमेरा काढतो," नितीन म्हणाला.

"काढ. पर मच्छ्याला दाखवलंस, ते कसं काढशील?"

तिनं फोन माठाशेजारी ठेवला आणि पडदा सारून बाहेर पडली. मागे फोन वाजत राहिला.

*

आक्काबाई तशीच बसली होती. समोर चार भक्त उभे होते; एकानं दारं नसलेल्या घराचा फोटो काढायला मोबाईल वर धरला होता आणि त्यात म्हातारीही येत होती.

रंगुबाईनं खाकरलं नाही, हाक मारली नाही. सरळ ओट्यावर चढली आणि आक्काबाईच्या शेजारी मांडी घालून बसली.

"शुभांगी, मलाबी वाढ गं. सकाळधरनं पोटात काय न्हाई."

शुभांगी बघतच राहिली. "मावशी, तुमाला?"

"का? तुझ्या घरात न्हाई का भाकर?"

शुभांगी आत गेली. भांड्यांचा आवाज झाला. ताट आलं, पण त्यात वांगंच होतं. भाकऱ्या तेवढ्याच केलेल्या. "थांबा, टाकते एक," ती पुटपुटली. मघाचा आवाज आता तिच्यात नव्हता.

"ऱ्हाऊ दे," आक्काबाई म्हणाली.

तिनं आपल्या ताटातली भाकरी उचलली, मोडली आणि मोठा तुकडा रंगुबाईच्या ताटात ठेवला. वर चटणी घातली. समोरचा मोबाईल अजून वरच होता. आक्काबाईनं तिकडे बघितलंसुद्धा नाही.

"खा," ती म्हणाली. "लाजू नको."