शहाणी मुलगी

"त्याच्याबरोबर एका खोलीत बसू नकोस. मला आधी एकटीला भेटायचंय म्हण," असं ताईनं तिला दहादा बजावलं होतं.

तिनं ते हसण्यावारी नेलं. "अगं, कौटुंबिक मध्यस्थी आहे ती. कोर्टात न भांडता समोरासमोर बसून बोलायचं. त्या मध्यस्थ बाई काय वाघ आहेत?"

"बाई नसतील वाघ. पण शेजारच्या खुर्चीवर कोण बसणार आहे?"

आता त्या खुर्चीवर तो बसला होता. कडक इस्त्रीचा शर्ट, बोलणं असं की तोंडात साखर. वेगळे राहायला लागून वर्ष होत आलं तरी बोटात लग्नातली अंगठी. बाईंना त्या अंगठीचं कोण कौतुक! दार उघडंच होतं. बाहेरच्या खोलीत तीन वर्षांची ठकी गालिच्यावर ठोकळ्यांचा मनोरा रचत स्वतःशीच बडबडत होती.

तिनं येतानाच पक्कं ठरवलं होतं. ठकीनं बाबाला जरूर भेटावं, पण दिवसा, आणि तेही त्याची आई घरात असताना. मुक्काम नाही म्हणजे नाही.

"तुम्हाला यांची भीतीबिती नाही ना वाटत?" बाईंनी विचारलं. त्याच्यादेखत! वर हसत, घड्याळाकडे बघत. कोण 'हो' म्हणणार?

"नाही," ती म्हणाली.

"छान. मग एक आठवडा आईकडे, एक आठवडा बाबांकडे. काय?"

"पण रात्री ती..."

टक. टक. त्याची अंगठी टेबलावर वाजली.

बस्स, एवढंच. आवाज चढवायची त्याला कधी गरजच पडली नव्हती. घरीही जेवताना आधी अशीच टकटक व्हायची. तेवढ्यावर सगळे गप्प झाले तर ठीक, नाहीतर ताट भिंतीवर. एवढी शिकलीसवरलेली ही, पण मान आपोआप हलली.

"बघा, किती सहज जमलं!" बाई खूश झाल्या.

बाहेरची बडबड थांबली होती. तिनं वळून पाहिलं. अर्धा झालेला मनोरा ठकीनं आपणच उतरवला होता. एकेक ठोकळा, जराही आवाज न करता, ती खोक्यात ठेवत होती. मग भिंतीला पाठ लावून, हाताची घडी घालून, ओठ घट्ट मिटून बसली.

"अगंबाई, किती शहाणी मुलगी!" बाई म्हणाल्या.

"वळण आहे आमचं," तो म्हणाला.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"वळण? घाबरलीय ती! अंगठी वाजली की आमच्या घरी असं बसायचं असतं. आत्ता मी नाही बसले तशीच?"

"झालं, नाटक सुरू. आता अंगठी वाजली तरी गुन्हा," म्हणत त्यानं सवयीनं बोट उचललं.

"वाजव ना," ती म्हणाली. "बाई बघतायत, वाजव."

बोट हवेतच राहिलं. बाईंनी त्या बोटाकडे पाहिलं, मग दाराबाहेर ठकीकडे. त्यांचं हसू मावळलं.

"हे तुम्ही आधीच सांगायचं होतं," त्या हळूच म्हणाल्या.

"कधी सांगायचं? विचारलंत तेच याच्यासमोर! लेकराचे आठवडे वाटून मोकळ्या झालात, आणि मला एकटीला दोन मिनिटं विचारावंसं नाही वाटलं? मला बोलायचंय, पण हा खोलीत नसताना. तोवर मी कशालाही हो म्हटलेलं नाही. मान हलली ती भीतीनं."

बाईंनी त्याला पलीकडच्या खोलीत बसवलं आणि मधलं दार स्वतः लावून घेतलं. ठकी मात्र कितीतरी वेळ खोक्याला हात लावेना.

तुमच्याही ओळखीत अशी कुणीतरी असेल, जिचं 'सगळं सामोपचारानं मिटलं' हे ऐकून तुम्हाला हायसं वाटलं होतं. तिला आजच फोन करा. मिटवताना तुला एकटीला कुणी काही विचारलं होतं का, एवढंच विचारा. पण त्याआधी, तिच्या शेजारी कुणी बसलेलं नाही ना, तेवढं बघा.