तिसरं पेडल

"थांब, थांब! आणखी बोटभर डावीकडे," डेस्मंड पार्जेटर गॅरेजच्या दारातल्या खुर्चीवरून ओरडला.

कप्पीच्या साखळीला लोंबकळणारं आठ सिलिंडरचं इंजिन जनीनने कमरेने रेटलं. खाली जुनी हिरवी एमजी गाडी बॉनेट काढून वाट पाहत उभी होती. तिच्या पोटात जन्मापासून चार सिलिंडरचं इंजिन सुखाने नांदलं होतं; ते आता कोपऱ्यात गोणपाटावर पडलं होतं.

"बाबा, तिथून काय दिसतंय तुम्हाला?"

"तू वाकडी दिसतेयस."

जनीन हसली आणि साखळी सैल सोडत गेली. इंजिन खाली आलं, जरा कुरकुरलं आणि आपल्या जागी बसलं. दोन्ही बाजूंना जेमतेम बोट शिरेल एवढी फट राहिली. शनिवार-रविवार घालवून गाडीचा पत्रा तिनेच कापला होता, तिनेच जोडला होता. एक सांधासुद्धा पुन्हा करावा लागला नव्हता. तिला स्वतःचा अभिमान वाटला आणि तो तिने लपवला नाही.

"बघा! आहे कुणाची हिंमत नाव ठेवायची?"

"चहा टाकतो," म्हातारा म्हणाला आणि काठीवर भार देऊन उठला. उजवा पाय पुढे गेला, डावा फरशीवरून घासत मागून आला.

अर्धांगाच्या झटक्याला दोन वर्षं होत आली होती. हात परत आला, जीभ तर आधीपेक्षा धारदार होऊन परत आली, पाय तेवढा आला नाही. गावात विचारलं तर डेस्मंड 'गुडघा' म्हणायचा. क्लच दाबायचा म्हणजे डावा पाय हवा, म्हणून एमजी चादरीखाली गेली आणि जुन्या गाड्यांच्या क्लबात जाणंही थांबलं. मी चालवते, तुम्ही शेजारी बसा, असं जनीनने सुचवून पाहिलं होतं.

"शेजारी बसून क्लबात जाऊ? त्यापेक्षा शवपेटीत घालून न्या मला."

मग तिला भंगारवाल्याकडे एक जुनी रोव्हर दिसली. जनीनला हवं होतं ते तिच्या आठ सिलिंडरच्या इंजिनाच्या शेपटीला जोडलेलं: क्लच न लागणारा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. नुसता गिअरबॉक्स बदलला असता तर कारण साऱ्या गावाला कळलं असतं. मोठं इंजिन घातलं की म्हाताऱ्याला हौस आली, एवढंच कळतं. पंचाईत एकच होती. जुन्या गाडीत मोठं इंजिन घालणाऱ्यांना आजवर क्लबात सगळ्यांत जास्त शिव्या डेस्मंडनेच घातल्या होत्या. ते सगळे शब्द आता त्याला गिळावे लागणार होते. त्याने ते मुकाट गिळायचं ठरवलं. लोकांनी चक्रम म्हटलेलं त्याला चालणार होतं, बिचारा म्हटलेलं नाही.

गाडी तयार झाली. डेस्मंड आत बसला, त्याने दोन्ही हातांनी डावा पाय उचलून आत घेतला आणि खाली पाहिलं. पेडलं तीन होती. डावं पेडल कशालाच जोडलेलं नव्हतं, नुसत्या स्प्रिंगवर वरखाली होत होतं. गिअरच्या नव्या दांड्यावर जुनीच लाकडी मूठ होती, आणि खालची ऑटोमॅटिकची अक्षरं चामड्याने झाकलेली.

"हे कशाला ठेवलंस?"

"काढायचा कंटाळा आला."

तो बराच वेळ समोरची काच पुसत राहिला. काच स्वच्छच होती.

मे महिन्यातल्या रविवारी क्लबाची मंडळी सेव्हर्न नदीकाठच्या पबच्या अंगणात जमली होती. आठ सिलिंडरांचा घोगरा आवाज पुलावरून येताच सगळ्यांच्या माना वळल्या. डेस्मंड एका हाताने गाडी वळवत आत आला. शेजारी बसलेल्या जनीनला वाटलं, इतका ताठ तर तो लग्नाच्या फोटोतही बसलेला नाही.

क्लाइव्ह ट्रँटर ग्लास घेऊन पुढे आला. तीस वर्षांचा दोस्त, आणि तितक्याच वर्षांचा वैरी. त्याची गाडी हीच, याच रंगाची, पण कारखान्यातून आली तशी. आपल्या पाठीबद्दल, सुनेबद्दल, सरकारबद्दल क्लाइव्ह तासन्‌तास कुरकुरे. गाडीबद्दल तक्रारीचं अक्षर त्याच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं.

"काय रे, म्हातारचळ लागला का? म्हातारीला शर्यतीत पळवतोस?"

"चारांत भागेना."

"बघू तरी," क्लाइव्ह म्हणाला आणि त्याने स्वतःची चावी टेबलावर ठेवली.

जनीनच्या तोंडचं पाणी पळालं. क्लबाची रीतच होती ती, चावीला चावी. समोरच्याने ठेवली की आपली द्यायची, आणि तो परतला की त्याची गाडी आपण फिरवून आणायची. नाही म्हणणं म्हणजे अपमान.

"क्लाइव्हकाका, इंजिन अजून मुरलं नाहीये—"

"दे गं त्याला," डेस्मंड म्हणाला. जनीनने चावी क्लाइव्हच्या हातात ठेवली.

एमजी फाटकापर्यंत गेली, हिसका देऊन थांबली. क्षणभर तशीच उभी राहिली. मग हळूच पुलाकडे वळली. डेस्मंड ग्लासातला फेस बघत होता.

क्लाइव्ह परत आला तेव्हा चौघे-पाचजण गोळा झाले. इंजिन बंद करून तो जरा वेळ आतच बसून राहिला. मग उतरला, त्याने काठीकडे पाहिलं, जनीनकडे पाहिलं.

"काय मग? कशी आहे?"

"क्लच जरा हलका बसवलाय पोरीने," क्लाइव्ह म्हणाला. "बाकी झकास."

जनीनला वाटलं, सुटलो. पण डेस्मंडने हात पुढे केला होता. आता क्लाइव्हची चावी घेऊन त्याची क्लचवाली गाडी फिरवायची पाळी त्याची होती, आणि ती टाळणाऱ्यांतला तो नव्हता. त्याचा हात पोचायच्या आत क्लाइव्हने टेबलावरची चावी उचलून खिशात टाकली.

"माझी आज नको. ब्रेक धड नाहीत."

एकाने ग्लास खाली ठेवला.

"तुझ्या गाडीचे?" कुणीतरी विचारलं.

"माझ्या गाडीचे." त्याचे कान लाल झाले होते. "बरेच दिवस झाले. बोललो नाही, झालं."

"मग घरी कसा जाणार?"

"हळू."

दुपारी परतताना नदीकाठच्या सरळ रस्त्यावर क्लाइव्हची गाडी पुढे दिसली. ती बैलगाडीच्या चालीने चालली होती. आरशांतून मागे क्लबाच्या गाड्यांची रांग त्याला दिसत असणार. डेस्मंडने तिच्या मागे वेग कमी केला. पायाखाली आठ सिलिंडर गुरगुरत होते.

"नवे ब्रेक घातलेत त्याने, ईस्टरच्या आधी," डेस्मंड म्हणाला. "मला मुद्दाम दाखवायला घेऊन आला होता."

जनीनने मान बाहेर काढून पुढे पाहिलं. समोरून कुणी येत नव्हतं.

"बाबा, काढा ना पुढे."

डेस्मंडने डावा पाय हाताने उचलून तिसऱ्या पेडलवर नीट ठेवला.

"राहू दे," तो म्हणाला. "त्याचे ब्रेक धड नाहीत."